खानदेशच्या जुन्या राजधानीत एक दिवस
बुऱ्हाणपूरचा किल्ला, महाल, बाग आणि जमिनीखालचं पाणी



यंदाच्या हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या आणि शेतकी खात्याच्या ओट्यावर सभासदांच्या बैठका पुन्हा रंगू लागल्या. अशाच एका बैठकीत या सहलीचं बीज पडलं.

एका सभासदाचा नातू नोकरीनिमित्त जपानात आहे. त्यानं आजोबांच्या मोबाईलवर फोटो धाडले होते. क्योतो शहरातला निजो नावाचा किल्ला. तोकुगावा इएयासू या सेनापतीनं बांधलेला. भोवती पाण्यानं भरलेला खंदक, आत निनोमारू नावाचा लाकडी राजवाडा, भिंतींवर सोनेरी मुलामा देऊन काढलेले वाघ आणि झाडं. महालाच्या ओसरीवरून माणूस चालला की लाकडी जमीन पाखरासारखी चिवचिवते. रात्री कुणी मारेकरी शिरला तर कळावं म्हणून तशी केली, असं म्हणतात. समोर तळं, तळ्याच्या कडेनं मोठमोठे दगड असे मांडलेले की जणू देवानंच ठेवलेत. मोबाईल या हातातून त्या हातात फिरत होता. पाहणारा प्रत्येक जण "वा!" म्हणत होता.

तेवढ्यात एक सभासद म्हणाले, "हाई बठ्ठं परदेशमा. आपलाकडे असं काय शे?"

कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले नाना मान वर न करता म्हणाले, "शे ना. बुऱ्हानपूर."

बुऱ्हाणपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? सोयरीक, कापडबाजार, केळीचे लिलाव, मावा जिलेबी. रावेर-यावलकडच्या निम्म्या घरांची एखादी तरी सून किंवा जावई तिकडचा. पण तिथं किल्ला आहे, महाल आहे आणि दोनशे वर्षं खानदेशचा कारभार तिथून चालला, हे ओट्यावरच्या पंधरा-वीस जणांपैकी चौघांनाच ठाऊक होतं. आमचाही नंबर त्या चौघांत नव्हता, हे कबूल करतो.

मग ठरलं. आखाजीच्या आधी एक दिवस काढायचा. खर्चाचा विषय निघताच एका जागरूक सभासदानं विचारलं की, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकणार? त्यांचं बरोबरच होतं. वार्षिक सभेत असले प्रश्न आधी तेच विचारतात. ज्यानं-त्यानं आपली वर्गणी काढायची असं ठरल्यावर तेच पहिल्या सीटवर येऊन बसले.

पहाटे चारला गाडी निघाली. थेट बुऱ्हाणपूर न गाठता नानांच्या आग्रहानं आधी थाळनेरला वाट वाकडी केली. "मूळ पाहिल्याबिगर शेंडा कसा पाहशात?" असं त्यांचं म्हणणं. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर आज तापीकाठचं एक साधं गाव आहे. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकानं मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद ही दोन ठाणी जहागीर दिली. हे करवंद म्हणजे शिरपूरजवळचं आपलं करवंदच. दोन ठाण्यांच्या त्या जहागिरीतून फारुकी घराणं उभं राहिलं. त्यांना गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' हा किताब मिळाला आणि खानांचा देश तो खानदेश, असं पुष्कळ इतिहासकार मानतात. कान्हदेश, म्हणजे कान्हाचा देश, असंही म्हणणारे आहेत. नाना दुसऱ्या पक्षाचे. त्या वादात आम्ही पडत नाही.

उजाडता उजाडता आम्ही फारुकी राजांच्या कबरींपाशी उभे होतो. त्यातल्या एका अष्टकोनी इमारतीवरचं दगडी कोरीवकाम बघून गाडीतल्या बायाबापड्याही थबकल्या. किल्ल्याचं म्हणाल तर तापीनं आणि काळानं फारसं शिल्लक ठेवलेलं नाही. पण या पडक्या मातीनं १८१८ चा फेब्रुवारी पाहिला आहे. होळकरांचं हे ठाणं घ्यायला सर थॉमस हिस्लॉपची इंग्रज फौज आली. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाले. आतल्या शिबंदीशी बोलाचाली चालू असताना दरवाजापाशी चकमक उडाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग इंग्रजांनी आतली सुमारे तीनशे माणसं कापून काढली आणि मामांना फाशी दिलं. खुद्द इंग्लंडातही त्यावर पुढं प्रश्न विचारले गेले. हे ऐकल्यावर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. चोपड्याला चहा झाला तेव्हा तोंडं उघडली.

चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. डाव्या हाताला सातपुडा, उजव्या हाताला, दिसत नसली तरी, तापी. फैजपूर आलं तेव्हा नानांनी १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण काढली. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आमचं लक्ष मात्र रस्त्याच्या कडेला होतं. कारण शेजारी आप्पा बसले होते.

आप्पांचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी. एके काळी आपल्या कारखान्याला सर्वाधिक टनेज देणाऱ्या सभासदांत त्यांचं नाव असे. त्यांच्या वडिलांच्या विहिरीला साठ फुटांवर पाणी होतं, मोटेनं बारमाही ऊस भिजत असे. आप्पांनी पहिली बोअर घेतली ती दोनशे फुटांवर, दुसरी साडेचारशेवर, तिसरी सातशेवर. यंदा मार्चमध्ये तिसरीनंही फुफाटा ओकला. दोन एकर खोडवा उभाच वाळला. चौथी बोअर घ्यायची, हजार फूट जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सोसायटीचं कर्ज मागितलं होतं, बोअरच्या गाडीवाल्याला आगाऊ रक्कमही दिली होती. थोरला मुलगा म्हणत होता, शेत विका. सहलीला ते आले ते घरातलं भांडण दोन घटका तरी टळावं म्हणून. रस्त्यात तोडलेल्या केळीच्या बागा दिसल्या की ते बोट करून एवढंच म्हणत, "याचीबी गेली."

दहाच्या सुमारास बुऱ्हाणपूर आलं. ऊन तापलं होतं.

मलिक राजाचा मुलगा नासिरखान यानं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं. सुफी संत बुऱ्हानुद्दीन यांच्या नावावरून बुऱ्हाणपूर, तापीच्या पलीकडल्या काठावर शेख झैनुद्दीन यांच्या नावावरून झैनाबाद. दोघांच्याही कबरी आपल्या वेरूळजवळच्या खुलताबादला आहेत. अशीरगड मात्र नासिरखानानं आसा अहिराकडून दगा करून घेतला, अशी कथा आहे. आपल्या बायकामुलांना आश्रय द्या म्हणून डोल्या पाठवल्या आणि डोल्यांतून शिपाई उतरले. आसा अहीर आपला माणूस. दुष्काळात त्यानं गडावरची धान्याची कोठारं लोकांना खुली केली होती, असंही इतिहासात लिहिलं आहे. अशीरगड बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. उन्हामुळं आम्ही तिकडं गेलो नाही. तो स्वतंत्र दिवसाचा मामला आहे.

शाही किल्ला शहराच्या अंगानं पाहिला तर फारसा भपका नाही. गल्लीबोळातून गाडी वळत वळत जाते आणि अचानक दरवाजा समोर येतो. हा किल्ला पाहायचा तर नदीतून. ऐंशी फूट उंचीची भिंत तापीच्या पात्रातून सरळ वर उठलेली, वर सज्जे, कमानी, पडक्या मजल्यांचे मनोरे. घाटाच्या समोर नदीच्या पात्रात दगडाचा हत्ती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या पाठीला लागलं की गावाला पुराची धास्ती, असं एका नावाड्यानं सांगितलं. त्या दिवशी मात्र हत्तीचे पाय कोरडे होते.

फारुकींनी बांधलेल्या या किल्ल्यात मोगलांनी भर घातली. जानेवारी १६०१ मध्ये अकबरानं अशीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. अकबरानं आपल्या दानियाल या शहजाद्याला इथं ठेवलं आणि खानदेशचं नाव बदलून 'दानदेश' केलं. हे नाव काही लोकांच्या तोंडी बसलं नाही. दानियाल १६०५ साली इथंच दारूपायी मेला. जहांगीरचा मुलगा खुसरो १६२२ साली इथंच गेला, परवेझ १६२६ साली इथंच. शहजाद्यांना हे गाव लाभलं नाही. परवेझची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो त्याला या किल्ल्यात भेटला. नजराण्यात त्यानं दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. शहजाद्यानं सांगितलं की, थोड्या वेळानं तुम्हाला आत बोलावून निवांत बोलतो. रो बसून राहिला. शेवटी निरोप आला की शहजादे आता भेटण्याच्या स्थितीत नाहीत. इंग्रजांचं राज्य पुढं कसं आलं, हे आम्हाला त्या दिवशी थोडंसं उमगलं. आसवनीचे भागधारक असलेले आमचे एक मित्र या गोष्टीवर हसले नाहीत.

आत शिरल्यावर दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास अशा पाट्या वाचायच्या आणि उरलेलं आपण मनानं उभं करायचं. छपरं बहुतेक गेली आहेत. मजले ढासळले आहेत. पुरातत्त्व खात्यानं हिरवळ राखली आहे, फुलझाडं लावली आहेत, कोरड्या हौदांच्या कडा नीट केल्या आहेत. हौदांतून कारंजी उडत होती, ओहोळ दगडी पन्हळीतून एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर उतरत होते. निजोच्या फोटोंत तळं पाण्यानं भरलेलं होतं, इथं पन्हळी तेवढ्या शिल्लक. दोन्ही वास्तूंचा भरभराटीचा काळ एकच. निजो आज धडधाकट आहे, कारण तो १९३९ साली क्योतो शहराच्या ताब्यात आला आणि त्यांनी तो जिवापाड सांभाळला. आपल्याकडं मोगल गेले, निजाम आला, पेशवे आले, शिंदे आले, इंग्रज आले. ज्याला चिरा हवा त्यानं चिरा नेला.

पण एक जागा अशी आहे की तिथं सगळे गप्प झाले. हमामखाना. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि आत पाऊल टाकताच गारवा. मध्ये हौद, भोवती कमानींच्या खोल्या, वर घुमट. घुमटांच्या आतल्या बाजूला मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी आणि तिच्यावर रंगीत वेलबुट्टी. पाच शतकं नाही तरी चार शतकं जुना रंग, आणि लाल, निळा अजून ओळखू येतो. भिंतींतून खापरी नळ खेळवलेले होते. एकातून गरम पाणी, दुसऱ्यातून थंड. मुमताजमहलसाठी शहाजहाननं हा बांधला, असं वाटाड्या म्हणतो. छतावरच्या एका चित्राकडं बोट दाखवून तो असंही म्हणतो की, ताजमहालाची कल्पना इथूनच निघाली. आम्ही मान मागं टाकून पुष्कळ वेळ पाहिलं. आम्हाला तो एक सुरेख घुमट दिसला, ताजमहाल काही दिसला नाही. बरोबरच्या भगिनींना मात्र दिसला. असो.

मुमताजचं इथलं मरण मात्र खरं आहे. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती याच शहरात गेली. तिला आधी नदीपलीकडं झैनाबादच्या बागेत, आहूखान्यात पुरलं. आहू म्हणजे हरीण. राजघराण्याची ती हरणांची बाग आणि शिकारखाना. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्र्याला नेला. आम्ही नदी ओलांडून आहूखाना पाहून आलो. एक बारादरी, एक हौद, झुडपं, आणि कडेला लोकांची शेतं. ताजमहालापुढं जगातले लोक रांगा लावतात, इथं आमच्याशिवाय दोन शेळ्या होत्या. आमच्यातल्या एका आजी बारादरीपाशी वाकून नमस्कार करून म्हणाल्या, "चौदा लेकरं. राणी व्हती तरी काय झायं?" त्यावर बायकांत जे बोलणं झालं ते पुरुषांना ऐकू आलं नाही.

आम्हाला वेगळीच गोष्ट आठवत होती. शहाजहान इथं आला होता तो १६३० साली, दख्खनच्या मोहिमेसाठी. आणि १६३० ते ३२ या काळात गुजरात, खानदेश, दख्खन इथं असा दुष्काळ पडला की माणसं रस्त्यात मरून पडली. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी त्याच दिवसांत सुरतेहून बुऱ्हाणपूरकडं आला, त्यानं वाटेवरची प्रेतं आणि ओसाड गावं लिहून ठेवली आहेत. ती वाट आपल्याच खानदेशातली. दरबारच्या बखरीत, म्हणजे 'पादशाहनामा'त, नोंद आहे की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथं लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले आणि सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ केला. तो एकूण वसुलीच्या अकराव्या हिश्श्याएवढा. म्हणजे बाकीचे दहा हिस्से येणे कायमच होते. आमच्या जागरूक सभासदांनी हे गणित तोंडी करून सांगितलं आणि विचारलं, "मग कर्जमाफी म्हनाची का नाही म्हनाची?"

अशा दुष्काळात हमामाला पाणी कुठून येत होतं? तापी ऐंशी फूट खाली. नदीतून पाणी चढवलं तरी ते किती चढवणार? हा प्रश्न आप्पांनी विचारला. सकाळपासून त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

दुपारची जेवणं बाजारात झाली. घरच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा होताच, वर बुऱ्हाणपुरी मांडे, दराबा आणि मावा जिलेबी. दराब्यात साखर किती जाते याची चौकशी झाली. साखर उत्पादकांच्या दृष्टीनं उत्तर समाधानकारक होतं. बुऱ्हाणपुरातही सहकारी साखर कारखाना आहे. त्यांच्याकडं ऊसभाव काय, याचीही चौकशी झाली. ती इथं छापत नाही.

जुम्मा मशिदीत थोडा वेळ थांबलो. फारुकी राजा अली खानानं १५८८ च्या सुमारास बांधलेल्या या मशिदीच्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याच्याच खाली संस्कृत लेख, तिथी-नक्षत्रासह. चार शतकांपूर्वीच्या राजाला दोन्ही लिहावंसं वाटलं. नानांनी चष्मा लावून संस्कृत वाचायचा प्रयत्न केला, पुरोहितपण त्यांच्या घरचं. दोन ओळी लागल्या, मग ऊन डोळ्यांवर आलं.

आणि मग लालबागेकडं, कुंडी भंडाऱ्याला. कुणी खुनी भंडारा म्हणतात. इथं काही रक्तपात झाला नाही, पाण्याला तांबूस झाक होती म्हणून हे नाव, असं सांगतात. दोह्यांमुळं शाळेपासून माहीत असलेला अब्दुर्रहीम खानखाना इथला सुभेदार होता. त्याच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भ जाणकारानं ही योजना केली. वरून पाहिलं तर उजाड माळावर एका रांगेत गोल कट्टे दिसतात, विहिरीच्या तोंडासारखे. त्या कुंड्या. शंभराच्या वर आहेत. आम्ही लिफ्टनं एका कुंडीत ऐंशी फूट खाली उतरलो. एका वेळी थोडीच माणसं जातात, त्यामुळं वर रांग लागली. खाली पोचताच घोट्याच्या वर थंडगार पाणी आणि समोर बोगदा.

काय केलंय ते समजून घ्या, कारण हे आपल्या उपयोगाचं आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याशी येतो. तिथं दगडगोटे, भरड वाळू यांचा जाड पट्टा आहे, त्यात तो मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडं सरकतो. या सरकत्या पाण्याच्या वाटेत त्यानं विहिरींची रांग खणली आणि सगळ्या विहिरी तळाशी बोगद्यानं जोडल्या. बोगद्याला शहराकडं अगदी बेताचा उतार. तीन किलोमीटरच्या वर अंतर, पण पाणी आपल्या वजनानं चालत राहतं. कुंड्यांमधून हवा येते, उजेड येतो, गाळ काढायला माणूस उतरतो. कुंडीचं तोंड जमिनीच्या वर उचललेलं, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी आत पडू नये. बोगद्याचं पाणी जाली करंज नावाच्या हौदात जमे आणि तिथून खापरी नळांनी शहरात, महालात आणि बागांत जाई. इराणात अशा बोगद्यांना कनात म्हणतात. तिथं वाळवंटात यावर गावंच्या गावं जगली. असे भंडारे बुऱ्हाणपुरात आठ होते, त्यातले बरेच गाळानं बुजले. २०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आला.

आप्पा बोगद्यात सगळ्यांच्या पुढं गेले. वाकून, धोतर गुडघ्याच्या वर खोचून. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले, दूर पुढच्या कुंडीतून उजेडाचा खांब पाण्यावर उतरलेला. आप्पांनी ओंजळ भरून पाणी प्यायलं. मग तिथंच उभे राहिले. खालच्या शांततेत त्यांचा आवाज घुमला, "ह्या पानीले ना मोटर लागस, ना वीज. चारशे वरीस झायात."

वाटाड्यानं खरं तेही सांगितलं. पाणी पूर्वीइतकं राहिलेलं नाही. चुन्याच्या थरांनी झरे बुजत आहेत, आजूबाजूला खोदकामं झाली, आणि वरच्या अंगाला शेतांतून बोअर खोल गेल्या. ज्या पाण्याच्या वाटेत तो बोगदा आहे, त्याच वाटेत त्या बोअर आहेत. यावर आमच्यातलं कुणी बोललं नाही. आपल्याही शेतात तेच आहे. यावल-रावेर तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत कित्येक वर्षांपासून आहेत, आणि त्या यादीत उसाचा आणि केळीचा, म्हणजे आपलाच वाटा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टाही तोच, बुऱ्हाणपूरपासून चोपड्यापर्यंत सलग. या पट्ट्यात तापीचं पुराचं पाणी मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी केला. ती योजना मोठी आहे, तिचं पाणी आपल्या शेताखाली कधी येईल ते येवो. शिरपुरात सुरेश खानापूरकर या भूगर्भशास्त्रज्ञांनी २००४ पासून नाले खोल-रुंद करून, बांध घालून पाणी मुरवलं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. तिथं पिवळ्या मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नव्हता, म्हणून तो फोडून खालच्या वाळूपर्यंत जावं लागलं. आप्पांच्या शेतात तो थर नाही, थेट गोटे आहेत. म्हणजे काम सोपं. हे आमचं मत नव्हे, गाडीत बरोबर असलेल्या शेतकी अधिकाऱ्यांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. रावेर मागं पडलं, गाडीत बरेच जण पेंगत होते. आप्पा जागे होते. त्यांच्या बांधाला लागून एक नाला आहे. पावसाळ्यात चार-पाच दिवस धो-धो वाहतो आणि मग वर्षभर कोरडा. वडिलांच्या वेळी त्या नाल्यात बैल पोहायचे. तो नाला वरच्या चार जणांच्या शेतांतून येतो, त्यातल्या दोघांशी आप्पांचा बांधावरून दिवाणी दावा चालू आहे. शेतकी अधिकाऱ्यांना ते पुढच्या सीटवर जाऊन विचारू लागले की, नाला खोल करायचा तर वरच्यांची सही लागते का, आणि जुनी साठ फुटांची विहीर बुजवलेली नाही, तिच्यात नाल्याचं पाणी गाळून सोडता येईल का? अधिकारी म्हणाले, येईल, पण आधी गोट्यांचा आणि वाळूचा गाळणखड्डा करावा लागेल, गढूळ पाणी थेट सोडलं तर विहिरीचे झरे बुजतील. सह्यांचं मात्र त्यांनाच बघावं लागेल.

"एकजण देईल सही," आप्पा म्हणाले. "दुसरा नही देवाव." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "आखाजीले जाईन त्याकडे. सनवारले कोनी हाकली देत नही."

यावलला ते उतरले. पायाला अजून बोगद्यातला चिखल होता. खिडकीपाशी येऊन त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं की, बोअरच्या गाडीवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळते की बुडते.